वीस वर्षांची स्पोर्ट्स कार : ठेवायची, पळवायची की भंगारात द्यायची?

मुंबई-गोवा महामार्गावरून कोकणात उतरताना महाड सोडलं की पुढचं मोठं गाव पोलादपूर. इथून एक रस्ता आंबेनळी घाटानं महाबळेश्वरला चढतो, महामार्ग कशेडीकडून खेडच्या दिशेनं जातो आणि मागे महाडजवळून वरंधा घाट भोरकडे निघतो. पंचवीस-तीस किलोमीटरच्या टापूत तीन घाट. त्यामुळे गाडी चालवायची हौस असलेल्यांना हा भाग पाठ असतो.

पाऊस ओसरल्यावर शनिवार-रविवारी या रस्त्यांवर नव्या एसयूव्हींच्या गर्दीत एखादी वेगळी गाडीही दिसते. एखादी जुनी ऑक्टाव्हिया आरएस, फियाट पालिओ १.६, क्वचित छप्पर उघडणारी सॅन स्टॉर्म. चहाच्या टपरीवर ती थांबली की पोरं फोटो काढतात आणि कुणीतरी विचारतंच, "ही अजून चालवायला परवानगी आहे? पंधरा वर्षांनी गाडी भंगारात देतात ना?"

हा प्रश्न सध्या सोशल मीडियावरही सारखा फिरतोय. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारनं २० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांच्या नोंदणी नूतनीकरणाची फी दुप्पट केली. त्याच सुमारास ई-२० पेट्रोलवरून वाद पेटला. महाराष्ट्रात जुन्या गाड्यांना नव्या नंबर प्लेटची सक्ती झाली आणि तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली. त्यामुळे जुनी, हौसेची गाडी सांभाळणाऱ्यांच्या मनात धास्ती आहे.

नियम नेमके काय आहेत, खर्च कुठे वाढला आणि महाड-पोलादपूरसारख्या पावसाच्या, पुराच्या आणि घाटांच्या भागात अशी गाडी जिवंत ठेवायची म्हणजे काय करावं लागतं, ते समजून घेऊ.

आधी हे ठरवू : 'जुनी स्पोर्ट्स कार' म्हणजे कोणती?

भारतात खरीखुरी दोन दारांची, दोन सीटची स्पोर्ट्स कार फार कमी बनली. सॅन मोटर्सची स्टॉर्म ही त्यातली एक. फायबरची बॉडी, उघडणारं छप्पर आणि रेनॉचं १.२ लिटरचं छोटं इंजिन. पुण्याच्या डीसीनं अवंती ही स्पोर्ट्स कार २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोमध्ये दाखवली होती. ती रस्त्यावर त्यानंतर आली, त्यामुळे ती अजून पंधरा वर्षांची व्हायची आहे.

म्हणून मध्यमवर्गीय घरातली स्पोर्ट्स कार म्हणजे बहुतेक वेळा साध्या गाडीची ताकदवान आवृत्ती. २००१ मध्ये आलेली पालिओ १.६ साधारण १०० हॉर्सपॉवरची होती. त्या काळी छोट्या हॅचबॅकमध्ये एवढी ताकद मिळत नसे. २००४ मध्ये स्कोडानं ऑक्टाव्हिया आरएस आणली. तिचं १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन १५० हॉर्सपॉवर देत होतं.

या दोन्ही गाड्यांचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. फियाटचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. प्रीमियर पद्मिनी तिथलीच. स्कोडाच्या गाड्या तेव्हाच्या औरंगाबादजवळ, शेंद्र्याच्या कारखान्यात जोडल्या जात. आज या गाड्या वीस वर्षांच्या आसपास किंवा त्यापुढे आहेत. म्हणजे नेमक्या त्याच वयाच्या, ज्या वयावर नवे नियम बोट ठेवतात.

पंधरा वर्षांनी गाडी बाद होते का?

नाही. महाराष्ट्रात खासगी गाडी केवळ वयामुळे बाद होत नाही.

हा गैरसमज तीन वेगवेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाल्यानं पसरला आहे.

पहिली गोष्ट दिल्लीची. दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन आदेशांमुळे बंधनं आली. ती त्या भागापुरती आहेत. रायगड जिल्ह्याला ती लागू नाहीत.

दुसरी गोष्ट सरकारी गाड्यांची. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षं पूर्ण झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे वाढत नाही, त्या मोडीतच काढायच्या असतात. हा नियमही खासगी गाडीसाठी नाही.

तिसरी गोष्ट स्क्रॅपेज धोरणाची. २०२१ मध्ये आलेलं हे धोरण खासगी मालकासाठी ऐच्छिक आहे. गाडी स्वतःहून मोडीत दिली तर नवी गाडी घेताना वाहनकरात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. पण गाडी तपासणीत पास होत असेल, तर ती मोडीत द्या असं कुणी मालकाला सांगू शकत नाही.

थोडक्यात, कायदा गाडीचं वय बघून फी ठरवतो. चालवायची की नाही, हे ठरतं तपासणी आणि कागदपत्रांवर.

मग खर्च किती वाढला?

खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. फी कशी चढत गेली, हे एका उदाहरणातून बघू.

समजा, एखादी ऑक्टाव्हिया आरएस २००४ मध्ये नोंदली गेली. पहिली १५ वर्षं २०१९ मध्ये संपली. तेव्हा नूतनीकरणाची फी होती ६०० रुपये.

दुसरं नूतनीकरण आलं २०२४ मध्ये. दरम्यान, एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या कारसाठी ही फी ५,००० रुपये झाली होती.

तिसरं येईल २०२९ मध्ये. तेव्हा गाडी २५ वर्षांची असेल आणि ऑगस्ट २०२५ चा दर तोवर कायम राहिला तर १०,००० रुपये लागतील.

दहा वर्षांत ६०० वरून १०,०००. हीच गाडी परदेशातून आयात केलेली असती, तर २० वर्षांनंतरची फी ८०,००० रुपये झाली असती. आधी आयात गाडीला ४०,००० रुपये होते. दुचाकीची फी २० वर्षांनंतर २,००० रुपये आहे, आयात दुचाकीची २०,०००.

ही फक्त नूतनीकरणाची फी झाली. महाराष्ट्रात १५ वर्षांवरच्या खासगी गाडीला दर पाच वर्षांनी पर्यावरण करही भरावा लागतो. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवणं सक्तीचं झालं आहे. कारसाठी तिचा दर ७४५ रुपये अधिक जीएसटी आहे.

अर्ज उशिरा केला तर चारचाकीला दर महिन्याला ५०० रुपये जादा लागतात. नोंदणीची मुदत संपण्याआधी ६० दिवसांपासून अर्ज करता येतो. त्यामुळे आरसी बुकावरची तारीख बघून ठेवली, तर हा भुर्दंड सहज टळतो.

महाड-पोलादपूरच्या मालकाला आणखी एक खर्च आहे, अंतराचा. या भागाची एमएच-०६ मालिका पेणच्या आरटीओ कार्यालयाची. पोलादपूरहून पेण शंभर किलोमीटरच्या वर आहे. गाडी तपासणीला स्वतः न्यावी लागते. एखादी त्रुटी निघाली की पुन्हा तेवढाच फेरा. म्हणून दिवे, वायपर, हॉर्न, हँडब्रेक, टायर आणि चासी नंबर घरीच तपासून निघणं शहाणपणाचं. जुन्या गाडीचा चासी नंबर गंजाखाली किंवा रंगाखाली झाकलेला असतो. तो नीट वाचता आला नाही, तर तपासणी तिथेच अडते.

५० वर्षांची गाडी 'वारसा', मग २५ वर्षांची काय?

खरा पेच इथे आहे.

जुलै २०२१ मध्ये केंद्रानं विंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात जपलेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी विंटेज ठरू शकते. नव्यानं विंटेज नोंदणी करायला २०,००० रुपये लागतात. ती १० वर्षं चालते आणि पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. नंबरमध्ये 'व्हीए' ही खास अक्षरं येतात. मात्र अशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची.

आता आकडे शेजारी ठेवून बघा. विंटेज नोंदणीच्या नूतनीकरणाला १० वर्षांसाठी ५,००० रुपये. २५ वर्षांच्या पालिओला ५ वर्षांसाठी १०,००० रुपये. म्हणजे ५० वर्षांच्या गाडीला कायदा वारसा म्हणतो आणि २५ वर्षांच्या गाडीकडे भंगाराच्या वाटेवरची वस्तू म्हणून बघतो. पण २५ वर्षं ओलांडल्याशिवाय कुठलीच गाडी ५० वर्षांची होत नाही.

सचिन तेंडुलकरच्या फेरारीचं उदाहरण घ्या. कसोटीत डॉन ब्रॅडमन यांच्या २९ शतकांची बरोबरी केल्याबद्दल त्याला २००२ मध्ये फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली होती. तिच्या आयातशुल्काच्या माफीवरून बराच वाद झाला आणि अखेर ते शुल्क फियाटनं भरलं. पुढे सचिननं ती गाडी विकली. भारतीय क्रिकेटच्या आठवणींत जागा असलेली ही गाडीही विंटेजच्या व्याख्येत बसायला २०५० उलटावं लागेल. तोवर नियमाच्या लेखी ती फक्त एक जुनी आयात गाडी.

इतर देशांत ही रेषा अलीकडे आहे. ऐतिहासिक गाड्यांची आंतरराष्ट्रीय संघटना 'फिवा' ३० वर्षांवरची, मूळ रूपात जपलेली आणि रोजच्या वापरात नसलेली गाडी ऐतिहासिक मानते. जर्मनीत ३० वर्षांनंतर गाडीला 'एच' अक्षराची खास नंबर प्लेट मिळू शकते. ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरच्या गाडीला रस्ता कर माफ होतो. उलट जपानमध्ये १३ वर्षांवरच्या पेट्रोल गाडीला जास्त कर लागतो. म्हणजे जुन्या गाडीवर जादा कर लावणारा भारत एकटा नाही. पण हौसेनं जपलेली गाडी आणि दुर्लक्षित खटारा यांत फरक करणारी मधली पायरी बऱ्याच देशांत आहे, आपल्याकडे २० ते ५० वर्षांच्या दरम्यान ती नाही.

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे

फी वाढवण्यामागे सरकारचं कारण सरळ आहे. जुनी गाडी प्रत्येक किलोमीटरला जास्त धूर सोडते. २००४ ची गाडी आणि एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ गाडी यांच्या प्रदूषणाच्या मर्यादांत कित्येक पटींचा फरक आहे. सुरक्षेचंही तसंच. वीस वर्षांपूर्वीच्या अनेक गाड्यांत एअरबॅग किंवा एबीएस नव्हतं.

हौशी मालकांचा युक्तिवाद असा, की त्यांची गाडी वर्षाला जेमतेम हजार-दोन हजार किलोमीटर चालते. रोज शंभर किलोमीटर धावणाऱ्या जुन्या टेम्पोचा आणि महिन्यातून दोनदा निघणाऱ्या पालिओचा धूर एकाच मापानं मोजणं बरोबर नाही.

दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. अडचण ही, की वयावर आधारलेली फी यातला फरक ओळखत नाही. किती किलोमीटर चालली, किती धूर सोडते, यावर फी ठरली असती तर उत्तर वेगळं आलं असतं. निदान पीयूसी वेळच्या वेळी करणं मालकाच्या हातात आहे. बीएस-४ पूर्वीच्या गाड्यांचं पीयूसी सहा महिन्यांचंच असतं, वर्षाचं नाही. चलन फाटतं ते बऱ्याचदा इथेच.

पंपावरचं पेट्रोलच बदललंय

फी पाच वर्षांतून एकदा भरायची. पेट्रोल मात्र दर आठवड्याला लागतं.

२०२५ मध्ये देशात पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचलं. यालाच ई-२० म्हणतात. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे भाग हे पेट्रोल सोसतील असे आहेत. २००४ च्या गाडीचे नाहीत, कारण तेव्हा कुणी हा विचारच केला नव्हता.

मायलेजबद्दल सरकारनं ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं, की ई-१० साठी बनवलेल्या आणि ई-२० साठी जुळवून घेतलेल्या गाड्यांत १ ते २ टक्के आणि इतर गाड्यांत साधारण ३ ते ६ टक्के घट होऊ शकते. काही जुन्या गाड्यांत रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागतील, पण हा खर्च मोठा नाही, असंही सरकारचं म्हणणं आहे. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा पर्याय पंपांवर ठेवावा, ही याचिका सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. म्हणजे पर्याय नाही, जुळवून घ्यावं लागणार.

इथेनॉल जुन्या गाडीत नेमकं काय करतं?

एक, जुन्या प्रकारचं रबर आणि कॉर्क त्यानं फुगतं किंवा चिरकतं. पेट्रोलचा पाइप गरम इंजिनाजवळून जातो. तो गळला तर प्रश्न मायलेजचा राहत नाही, आगीचा होतो. म्हणून वीस वर्षांच्या गाडीत पहिला खर्च करायचा तो इथेनॉल सोसणाऱ्या नव्या फ्युएल पाइपवर.

दोन, इथेनॉलमुळे इंजिनाला हवेच्या मानानं इंधन कमी पडतं. सेन्सरवाली इंजेक्शन गाडी हे बऱ्याच अंशी सांभाळून घेते. कार्बोरेटरच्या गाडीत मिस्त्रीला जेट आणि सेटिंग बदलावं लागतं. तसं केलं नाही तर घाट चढताना इंजिन गरम होतं आणि ठोके देतं.

तीन, आणि कोकणासाठी सर्वांत महत्त्वाचं : इथेनॉल पाणी ओढून घेतं. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पावसाळाभर झाकून ठेवलेल्या गाडीच्या अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवा शिरते. पाणी ठरावीक मर्यादेबाहेर गेलं, की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. पेट्रोल खेचणारी नळीही तळाशीच असते. गणपतीत गाडी बाहेर काढली आणि चालूच झाली नाही, यामागे बऱ्याचदा हे कारण असतं. पत्र्याची टाकी आतून गंजते ते वेगळंच.

उपाय साधे आहेत. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी गच्च भरून ठेवायची, म्हणजे दमट हवेला जागा राहत नाही. त्याहून जास्त काळ उभी राहणार असेल तर पेट्रोल काढून टाकायचं. आणि पंधरा दिवसांतून एकदा, उघडीप मिळेल तेव्हा, गाडी निदान वीस मिनिटं रस्त्यावर फिरवायची. जागेवर इंजिन चालू ठेवणं पुरेसं नसतं. त्यात ब्रेक, गिअर आणि टायर हलत नाहीत.

महाडचा धडा : पूर

२२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारी नद्यांच्या पुरानं महाड शहर बुडालं. त्याच दिवशी तळीये गावावर दरड कोसळली. माणसं गेली, घरं गेली, बाजारपेठ चिखलात गेली. त्या हिशेबात गाड्यांचं नुकसान खालच्या ओळीत येतं, पण अनेक घरांसाठी तेही मोठं होतं.

पुरात गाडी बुडाली की पहिला प्रश्न असतो विम्याचा. जुन्या गाडीचे बरेच मालक फक्त थर्ड पार्टी विमा काढतात, कारण कायद्याला तेवढाच लागतो. पण थर्ड पार्टी विम्यात पुराची भरपाई मिळत नाही. ती मिळायला सर्वसमावेशक, म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह विमा लागतो. पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीनं ठरते. त्यामुळे गाडीचे फोटो, दुरुस्तीची बिलं आणि मूल्यांकन जपून ठेवलं नसेल, तर लाखभर खर्च करून उभी केलेली गाडी कागदावर भंगाराच्या भावाचीच राहते.

दुसरा प्रश्न गाडी पुन्हा उभी राहील का, हा. इथे जुनी गाडी नव्या गाडीपेक्षा थोडी नशीबवान असते. नव्या गाडीत जागोजागी इलेक्ट्रॉनिक्स असतं. चिखलाचं पाणी त्यात शिरलं की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीला जाऊन भिडतो. कार्बोरेटरची गाडी उघडून, धुऊन, वाळवून पुन्हा चालू करता येते. पालिओ, ऑक्टाव्हियासारख्या गाड्या मधल्या काळातल्या. त्यांत इंजिन चालवणारा संगणक असतो, पण त्याच्या वायरी आणि जोड आजच्यापेक्षा कमी असतात. तो एक डबा वेळेत काढून वाळवला तर आशा राहते.

एक चूक मात्र दोन्ही गाड्यांना मारते. पाणी ओसरल्यावर 'बघू चालू होते का' म्हणून चावी फिरवणं. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरीची वायर काढायची, स्पार्क प्लग काढून पाणी बाहेर काढायचं, इंजिन ऑइल, गिअर ऑइल आणि ब्रेक ऑइल बदलायचं, मगच पुढचं.

पुराचा अंदाज असेल तर गाडी आधीच उंचावर नेऊन लावणं हाच खरा विमा. महाडमध्ये २००५ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्यांना हे सांगावं लागत नाही.

घाटाची मजा, घाटाची परीक्षा

जुन्या स्पोर्ट्स कारची मजा महामार्गावर नसते. तिथे कुठलीही नवी डिझेल गाडी तिला मागे टाकते. मजा असते ती आंबेनळीसारख्या वळणांवर. हलकी गाडी, हातात थेट जाणवणारं स्टिअरिंग, योग्य गिअरमध्ये वर चढणारा इंजिनाचा आवाज. चाळीसच्या वेगातही चालवण्याचा आनंद मिळतो. कशेडीचा बोगदा २०२३ पासून टप्प्याटप्प्यानं सुरू झाल्यावर महामार्गाच्या वाहतुकीचा भार जुन्या घाटरस्त्यावरून कमी होऊ लागला.

पण घाट चढण्यापेक्षा उतरणं अवघड, आणि जुन्या गाडीची परीक्षा तिथेच होते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट-४ ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हा आकडा १५५ अंशांवर येतो. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना सतत ब्रेकवर पाय असेल, तर ऑइल उकळतं, त्यात बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडून खाली जातं. तळेगावच्या कोरड्या गॅरेजमधल्या गाडीपेक्षा पोलादपूरच्या गाडीचं ब्रेक ऑइल लवकर बदलायला लागतं, त्याचं कारण हे. दोन वर्षांतून एकदा बदलायचं, शक्यतो पावसाळ्यानंतर.

उतरताना न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवायची सवय तर सोडूनच द्यायची. ज्या गिअरमध्ये घाट चढता, साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचं.

दुसरी गोष्ट टायर. हौसेची गाडी कमी चालते, त्यामुळे टायरची नक्षी नवी दिसते. पण रबर वयानं कडक होतं. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '१४१५' म्हणजे २०१५ च्या चौदाव्या आठवड्यातला टायर. नक्षी कितीही चांगली असली, तरी ओल्या घाटात तो टायर भरवशाचा नाही.

आणि पावसाळ्यात हे घाट टाळायचेच. आंबेनळी आणि वरंधा दोन्हीकडे दरडी कोसळतात. रस्ता बंद असल्याच्या प्रशासनाच्या सूचना दरवर्षी निघतात.

पार्ट आणि मिस्त्री

फियाटनं भारतात स्वतःच्या नावाच्या गाड्या बनवणं २०१९ च्या सुमारास थांबवलं. त्यामुळे पालिओचा एखादा पार्ट हवा असेल तर शोरूममध्ये जाऊन भागत नाही. मालक मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, ऑपेरा हाउसचा स्पेअर बाजार किंवा पुण्यात नाना पेठ गाठतात. तिथेही मिळालं नाही, तर दुसरी बंद पडलेली तीच गाडी विकत घेऊन तिचे पार्ट वापरतात. मालक मंडळी त्याला 'डोनर' गाडी म्हणतात.

गमतीचा भाग असा, की स्क्रॅपेज धोरणामुळे जितक्या जुन्या गाड्या मोडीत जातील, तितके उरलेल्यांचे पार्ट दुर्मीळ होतील.

गावाकडे एक गोष्ट मात्र सोपी आहे. महाडसारख्या एमआयडीसीच्या गावात लेथवाला असतो. बुश, पिन, स्पेसर असे छोटे भाग तो नमुना बघून बनवून देतो. पॉइंट घासून, कानानं ऐकून टायमिंग लावणारा मिस्त्रीही तालुक्याच्या गॅरेजात अजून सापडतो. पण तो साठीकडे झुकलेला असतो आणि त्याच्या हाताखालचा पोरगा स्कॅनर लावायला शिकलेला असतो. पार्ट एक वेळ परदेशातून मागवता येतो. हा हात मागवता येत नाही.

हौसेपायी काय करू नये?

जुन्या गाडीत मोठं इंजिन टाकणं, सायलेन्सर बदलणं, बॉडी कापणं हे व्हिडिओत छान दिसतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. सीएनजी किंवा मान्यताप्राप्त इलेक्ट्रिक किट परवानगी घेऊन बसवता येतं. तशीच दुरुस्तीसाठी इंजिन बदलल्याची नोंद आरटीओकडे करावी लागते. ती नसेल तर नूतनीकरण अडतं आणि अपघात झाला तर विम्याचा दावाही अडू शकतो.

मूळ रूप जपण्याचं आणखी एक कारण आहे. उद्या विंटेजची व्याख्या सैल झाली, तर फायदा मूळ रूपातल्या गाडीलाच मिळेल. कापलेल्या गाडीला नाही.

आता घ्यावी का अशी गाडी?

दीड-दोन लाखांत वीस वर्षांची ताकदवान गाडी मिळते, म्हणून अनेक तरुण मोहात पडतात. घेण्याआधी चार गोष्टी बघाव्यात. आरसीची मुदत कधी संपते, चासी नंबर कागदाशी जुळतो का, पत्रा खालून सडलाय का आणि जुनी चलनं बाकी आहेत का. पहिल्या आणि शेवटच्या प्रश्नाचं उत्तर परिवहनच्या पोर्टलवर मिळतं. तिसऱ्यासाठी गाडी मिस्त्रीच्या रॅम्पवर चढवावी लागते. कोकणातल्या गाडीचं इंजिन सुधारतं, सडलेली चासी सहसा सुधारत नाही.

गाडीची किंमत जेवढी, साधारण तेवढीच रक्कम पहिल्या दोन वर्षांत लागेल, असं धरून चालावं. तेवढी हाताशी नसेल तर ती गाडी स्वस्त नाही.

पुढे लक्ष ठेवायचं ते दोन गोष्टींवर. एक, नूतनीकरण आणि तपासणीचे दर. ते बदलत राहतात, म्हणून अर्जाच्या वेळी पोर्टलवरचा आकडाच खरा मानायचा. दोन, २० ते ५० वर्षांच्या गाड्यांसाठी एखादी मधली पायरी सरकार आणतं का. कमी किलोमीटर, कडक तपासणी आणि त्या बदल्यात रास्त फी, अशी ती पायरी असू शकते.

ती येईपर्यंत टपरीवरच्या त्या प्रश्नाचं उत्तर असं : हो, परवानगी आहे. कागद पूर्ण असतील, ब्रेक लागत असेल आणि पाइप गळत नसेल, तर पंचवीस वर्षांची गाडीही आंबेनळी चढून जाऊ शकते. फक्त उतरताना गिअरमध्ये ठेवायची.